विमानतळावरची गोष्ट, पऱ्हाटीच्या तासात

‘जाने तू... या जाने ना’ या चित्रपटातील प्रेमकथा ज्यांची आहे, ते जय आणि अदिती ती सांगत नाहीत. ती त्यांचे मित्र सांगतात, आणि सांगतात ती माला नावाच्या एका मुलीला, जिचे या दोघांशी काहीही देणेघेणे नाही. मुंबईच्या विमानतळावर ही मंडळी आपल्या मित्रांना आणायला आली आहेत, वेळ जाता जात नाही, मालाला या सगळ्याचा कंटाळा आला आहे, आणि म्हणून एकाने सुरू केलेले वाक्य दुसऱ्याने उचलत, तिसऱ्याने दुरुस्त करत, चौथ्याने मध्येच हसत ही गोष्ट पुढे जाते. चित्रपटाविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात या मांडणीचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. मला मात्र हा चित्रपट आजही जवळचा वाटतो तो या मांडणीमुळेच. प्रेमात पडलेल्या दोघांइतकेच महत्त्व येथे ते प्रेम पाहणाऱ्यांना आहे, आणि ते पाहणारे त्या दोघांचे भले चिंतणारे आहेत.

अब्बास टायरवाला यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ४ जुलै २००८ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिलाच, आणि नायक म्हणून इम्रान खानचाही पहिलाच. निर्माते आमिर खान आणि मन्सूर खान, संगीत ए. आर. रहमान यांचे. जेनेलिया तेव्हा आमच्या भागात फारशी कोणाला ठाऊक नव्हती. पुढे ती देशमुखांच्या घरात सून म्हणून आली आणि अवघ्या महाराष्ट्राची वहिनी झाली, पण त्या पावसाळ्यात ती आमच्यासाठी केवळ अदिती होती. मी यवतमाळला शिकत होते, वसतिगृहात राहत होते, आणि राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी सणावारालाच जात होते. वसतिगृहातल्या मुलींनी मिळून तो पाहिला. त्यानंतर तो अनेकदा पाहिला गेला, कधी दूरचित्रवाणीवर, कधी अलीकडे मोबाईलवर, आणि दर वेळी माझी नजर नायक-नायिकेवरून हळूहळू त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे सरकत गेली.

कथेचा सांगाडा साधा आहे. महाविद्यालय संपले आहे. जय, अदिती, रोटलू, जिग्गी, बॉम्ब्स आणि शालीन ही सहा जणांची टोळी सतत एकत्र असते. जय आणि अदितीच्या घरच्यांना वाटते की या दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे आणि आता लग्नाचे बोलावे. ते दोघे मात्र हसून नाही म्हणतात, आम्ही फक्त मित्र आहोत म्हणतात, आणि एकमेकांसाठी योग्य जोडीदार शोधायला निघतात. मग जयच्या आयुष्यात मेघना येते, अदितीच्या आयुष्यात सुशांत येतो, आणि दोघांनाही आपल्या मनातली गोष्ट उशिरा उमगते. अदिती शिकायला अमेरिकेला निघते आणि जय तिला थांबवायला घोड्यावर बसून विमानतळ गाठतो. हिंदी चित्रपट पाहणाऱ्या कोणालाही शेवट पहिल्या दहा मिनिटांत कळतो, आणि चित्रपटाला ते लपवायचेही नाही, कारण मित्र ज्यांना आणायला आले आहेत ते कोण, हे आपण आधीच ओळखलेले असते.

यवतमाळच्या त्या चित्रपटगृहात आम्हां मुलींना विलक्षण वाटले ते शहरातले कपडे, गाड्या किंवा रात्रीच्या मेजवान्या नव्हेत, कारण ते सगळे आम्ही चित्रपटांत नेहमीच पाहत होतो. विलक्षण वाटले ते हे, की जय अदितीच्या घरी येतो आणि दार उघडणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. अदितीची मांजर मेली तेव्हा ही सगळी टोळी तिच्यासाठी जमते आणि जय तिला हसवण्यासाठी गाणे म्हणतो. रशीद अलीच्या आवाजातले ते गाणे नंतर गावोगावच्या मोबाईलमध्ये वाजले. एका मुलीच्या दुःखाशी मुलगे आणि मुली एकत्र बसले आहेत आणि घरातली मोठी माणसे आपापल्या कामात आहेत, या दृश्यासाठी आमच्या गावात जागाच नव्हती. मुलींच्या मैत्रीला जागा होती. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाईची गाणी म्हणत आम्ही घराघरांतून फिरत असू, झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखत असू, आणि त्या निमित्ताने अंधार पडल्यावरही बाहेर राहण्याची मुभा मिळत असे. मुलांच्या मैत्रीला पानठेला होता, मारुतीचा पार होता, शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, एकत्र जाणे होते. मुलगा आणि मुलगी मित्र असतील तर त्यांनी कोठे बसायचे, याचे उत्तर गावाने कधी तयारच केले नव्हते. बसायला जागा नसली की ती मैत्री एसटीच्या थांब्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, उभ्याउभ्या करावी लागते, आणि उभ्याउभ्या दिसलेल्या गोष्टीचे काय होते ते मी पाहिलेले आहे.

आमच्या शेजारच्या गावची एक मुलगी आमच्याच वर्गात होती आणि रोज एसटीने ये-जा करत असे. तिला ताप आला आणि ती काही दिवस येऊ शकली नाही, तेव्हा त्याच बसने येणारा एक मुलगा तिच्यासाठी वर्गातल्या टिपणांची वही नेऊन देऊ लागला. ती बरी होऊन परत आल्यावरही वह्यांची देवघेव चालू राहिली, कारण अर्थशास्त्र त्याला चांगले समजत होते आणि मराठी तिला. त्या दोघांमध्ये याहून अधिक काही होते की नाही हे मला सांगता येणार नाही, आणि ते सांगणे माझे कामही नाही. थांब्यावर आम्ही चार-पाच मुली नेहमी सोबत असायचो. पण तिच्या वडिलांनी आम्हांला काही विचारले नाही. त्यांनी पानठेल्यावरच्या माणसांना विचारले. वही देताना दोघे हसत होते इतकेच ज्यांनी लांबून पाहिले होते, त्यांनी बाकीची गोष्ट स्वतः पूर्ण केली. तिचे महाविद्यालय त्याच महिन्यात सुटले आणि उन्हाळ्यात लग्न झाले. विमानतळावर रोटलू आणि जिग्गी आपल्या मित्रांची गोष्ट सांगताना पाहिले की मला दर वेळी वाटते, त्या मुलीची गोष्ट आम्ही सांगितली असती तर ती वेगळी झाली असती. पाहणारे तेथेही होते आणि येथेही होते. फरक इतकाच, की तेथे जे जवळून पाहत होते त्यांना बोलायला मिळाले.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा कापसाची पहिली वेचणी नुकतीच सुरू झाली होती. शेतात सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन गेले होते आणि बायका भल्या सकाळी पऱ्हाटीच्या तासांतून, म्हणजे कपाशीच्या झाडांच्या ओळींतून, लागत होत्या. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. कमरेला बांधलेली ओटी भरली की धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गाठोड्यात रिकामी करायची, पुन्हा तासात शिरायचे, आणि संध्याकाळी काटा होईपर्यंत हे असेच चालू ठेवायचे. हात मोकळे नसले तरी तोंड मोकळे असते, म्हणून वेचणीच्या दिवसांत जितक्या गोष्टी सांगितल्या जातात तितक्या एरवी वर्षभरात सांगितल्या जात नसतील. माझ्या मोठीमायने मला हाक मारली, “कोनतं पिक्चर पायलं म्हने तुमी सगळ्या पोट्ट्याइनं? सांग ना वं.” आणि मी सांगू लागले.

मी तो चित्रपट नीट समजून घेतला तो त्या शेतात. मालाप्रमाणे त्याही पहिल्यांदा कंटाळल्या, आणि मालाप्रमाणेच त्या प्रश्न विचारू लागल्या. पहिला प्रश्न अदितीच्या वडिलांविषयी होता. “त्या पोट्टीचा बाप काईच म्हनत नाई?” मी सांगितले की बापाला तर तो मुलगा जावई म्हणून हवा आहे, पण तीच नाही म्हणते. यावर तासातासांतून बराच वेळ चर्चा झाली. दुसरा प्रश्न असा, की दोघांना इतक्या उशिरापर्यंत कसे समजले नाही. त्याला उत्तरही त्यांच्यातूनच आले. एक जण म्हणाली, रोज ज्याला पाहतो त्याच्याकडे कोण निरखून पाहते. आपला माणूस कोणता हे शेजारणीला आधी कळते. चित्रपटाचे मर्म मी यापेक्षा नेमके कोठे वाचलेले नाही. जय आणि अदिती एकमेकांना ओळखत नाहीत असे नाही, त्यांची ओळख इतकी जुनी आणि इतकी पक्की आहे की तिच्याकडे पाहायला त्यांना दुसऱ्या कोणाचे तरी डोळे लागतात. म्हणून ही गोष्ट मित्रांनीच सांगायची असते.

जयचे वडील अमरसिंह राठोड हयात नाहीत, पण भिंतीवरच्या तसबिरीतून ते बायकोशी वाद घालतात, हे सांगितले तेव्हा सगळ्या हसल्या. नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह ही खऱ्या आयुष्यातली नवरा-बायको पडद्यावर तसबिरीच्या दोन बाजूंना बसवण्याची कल्पना सुरेख आहे, आणि सावित्री ज्या सहजतेने त्या तसबिरीला उलट उत्तर देते ते पाहताना त्यांचा संसार कसा असेल याचा पूर्ण अंदाज येतो. आमच्या तासात एक विधवा बाई होती. हसणे ओसरल्यावर ती हातातले बोंड सोडवत म्हणाली, “माह्या घरचा फोटू काई बोलत नाई वं. बोलला असता तं म्या बी भांडली असती.” कोणी काही बोलले नाही. मग तिनेच मला पुढे सांगायला लावले.

त्या तसबिरीतल्या राठोडाचे म्हणणे असे, की रांझोरच्या राठोडाने मर्द म्हणवून घेण्यासाठी तीन गोष्टी करायला हव्यात. त्याने घोड्यावर बसले पाहिजे, कोणाला तरी झोडपले पाहिजे आणि तुरुंगात गेले पाहिजे. सावित्रीने मुलाला या साऱ्यापासून दूर ठेवले, हात न उचलणारा माणूस म्हणून वाढवले, आणि चित्रपटाचा मोठा भाग आपण त्या शांत, हसऱ्या, भांडण टाळणाऱ्या मुलावर जीव लावतो. शेवटी मात्र तो सुशांतला मारतो, परेश रावल यांच्या इन्स्पेक्टर वाघमारेकडून आत टाकला जातो, आणि घोड्यावर बसतो; तसबीर जिंकते. हा भाग मला तेव्हाही खटकला होता आणि आज अधिक खटकतो. अहिंसेने वाढवलेल्या मुलाला नायक होण्यासाठी अखेर मूठ वळावीच लागते, असे या चित्रपटाने म्हणायला नको होते. सेवाग्राम आमच्या गावापासून फार दूर नाही. १९३६ मध्ये गांधीजी तेथे राहायला आले, आणि त्या आश्रमातल्या मातीच्या भिंती पाहून आलेल्या मुलांना ‘हात न उचलणारा मुलगाही पुरुषच असतो’ हे सांगणारा एक लोकप्रिय हिंदी चित्रपट मिळाला असता तर मला फार बरे वाटले असते. टायरवाला त्या वाटेवर अर्ध्याहून अधिक चालले आणि शेवटच्या वळणावर परंपरेकडे फिरले. ते सारे विनोदाच्या अंगाने येते, हे खरे; पण विनोदातूनही जे टाळ्या मिळवते तेच मनात राहते.

शेतात मात्र टाळ्या दुसऱ्याच जागी पडल्या. जयने सुशांतला कसे मारले हे मी रंगवून सांगितले, तेव्हा बायकांचे हात चालूच राहिले. त्याआधी सुशांतने अदितीच्या थोबाडीत मारली असे सांगितले होते, तेव्हा सगळे तास एकदम गप्प झाले होते, आणि मग कोणीतरी हळूच विचारले होते, “मंग? सोडलं का तिनं त्याले?” मी म्हटले, सोडले. तेव्हा हात थांबले. मजुरी किलोवर असताना थांबलेले ते हात मला अजून आठवतात. त्यांना त्या ठोशाशी काही कर्तव्य नव्हते. एका मुलीने एका थपडेनंतर ठरलेले लग्न मोडले आणि तिच्या घरच्यांनी तिला परत पाठवले नाही, यावर त्या दुपारच्या शिदोरीपर्यंत बोलत राहिल्या.

मेघनाची गोष्ट सांगणे सर्वांत कठीण गेले. ती समोरच्या कोणत्याही वस्तूकडे बोट दाखवून हे काय आहे असे विचारते आणि मग तिला भलतेच काही तरी ठरवून टाकते. हा तिचा खेळ सुरुवातीला गोड वाटतो. पुढे तिच्या घरी गेल्यावर कळते की आई-वडील सतत एकमेकांवर तुटून पडतात, आणि जे दिसते ते दिसू नये म्हणून ही मुलगी लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला दुसरे काही तरी ठरवत आली आहे. मंजरी फडणीसने ही भूमिका फार हळुवारपणे केली आहे. नायक-नायिकेच्या मध्ये आलेली दुसरी मुलगी म्हणून तिला सहज खलनायिका करता आले असते. तसे केलेले नाही, हा चित्रपटाचा मोठेपणा आहे. पण मला तिच्याबद्दल वाटते ते वेगळेच. या चित्रपटात तिला एकही मैत्रीण नाही. तिची गोष्ट सांगणारे कोणी नसल्यामुळे तिने स्वतःला खोटी गोष्ट सांगितली, आणि ती खोटी आहे हे तिला सांगायलाही जयच यावा लागला, जो त्यानंतर तिच्यापासून दूर जातो. विमानतळावरची मंडळी गोष्ट सांगताना तिच्यावर फार थांबत नाहीत. टोळीबाहेरच्या माणसाला टोळी नेहमीच कमी जागा देते, मग ती टोळी मुंबईची असो की आमच्या भुलाबाईची.

अदितीचा भाऊ अमितही असाच एकटा आहे, पण त्याच्याजवळ डोळे आहेत. तो आपल्या खोलीतून बाहेर पडत नाही, कोणाशी गोड बोलत नाही, आणि बहिणीला जे ऐकायचे नाही ते तिला सांगतो. प्रतीक बब्बरची ही पहिली भूमिका. त्याच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, डिसेंबर १९८६ मध्ये, स्मिता पाटील गेल्या, आणि त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या मराठी प्रेक्षकांनी या मुलाला पहिल्यांदा पाहिले ते या चित्रपटात. कमी बोलून डोळ्यांत सारे आणण्याची त्याची पद्धत पाहून अनेकांना आईची आठवण झाली असणार, मला झाली. बहीण-भावांमधले ते तुटक, अवघड प्रेम मुख्य प्रेमकथेपेक्षाही खरे उतरले आहे, आणि त्यात एकही गाणे नाही.

आमच्या जिल्ह्याविषयी त्या वर्षांत बाहेर एकच गोष्ट सांगितली जात होती, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. २००८ साली केंद्राने कर्जमाफी जाहीर केली तेव्हा आणि त्याआधीही कॅमेरे घेऊन माणसे येत, कापसाचे भाव विचारत, घरातल्या तसबिरीसमोर कुटुंबाला बसवून छायाचित्र काढत आणि परत जात. ती गोष्ट खोटी नव्हती, आणि ती सांगितली गेलीच पाहिजे होती. पण याच शेतांत बायका प्रेमाविषयी, नवऱ्याविषयी, मोडलेल्या लग्नाविषयी इतक्या समजुतीने बोलतात, हे त्या माणसांच्या कानावर कधी पडले नाही, कारण तासात शिरून दुपारपर्यंत कोणी थांबले नाही. पाहुण्याने सांगितलेली आपली गोष्ट आणि सोबत्याने सांगितलेली आपली गोष्ट यांत केवढा फरक पडतो, ते या चित्रपटाकडे पाहताना मला फार तीव्रतेने जाणवते.

त्या दिवशी गोष्ट संपली, जय-अदितीचे लग्न झाले, मित्र त्यांना आणायला गेले, हे सांगून मी थांबले, तर मोठीमायने विचारले, “अन् थो रोटलू? त्याचं काय झालं?” रोटलूचे मन अदितीवर होते, हे मी मघाशी ओघात सांगून पुढे गेले होते, आणि नेमके तेच तिने धरून ठेवले होते. मी म्हटले, तोही गोष्ट सांगणाऱ्यांत आहे. “त्याले पसंत होती अन् त्यानंच तिची गोष्ट चांगली सांगतली?” मी हो म्हटले. “मंग पिक्चर त्याचाच व्हय,” ती म्हणाली, आणि ओटी रिकामी करायला धुऱ्याकडे गेली.

अशा मित्राचे काय करायचे, हे हिंदी चित्रपटाला सहसा ठाऊक नसते. त्याला त्यागमूर्ती करून मारतात, नाही तर मत्सराने काळवंडून टाकतात, नाही तर विनोदी करून बाजूला बसवतात. येथे तो यांपैकी काहीच होत नाही. ज्या मुलीवर आपले मन होते तिने दुसऱ्याला कसे निवडले, हे तो एका अनोळखी मुलीला सांगतो, आणि सांगताना एकही प्रसंग स्वतःच्या बाजूने वळवत नाही. करण मखीजाने ही भूमिका जितक्या कमी जागेत केली आहे, त्यापेक्षा दुप्पट जागा तिला मिळायला हवी होती. घोड्याच्या दौडीतली काही मिनिटे कापून ती त्याला दिली असती, तर माझी काही तक्रार राहिली नसती, आणि मोठीमायचीही नसती.